स्त्रियांचा रोजचा प्रवास आणि आपण



या व्यासपीठावरून आपण इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा थोर विषयांवर विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. मी विदुषी नाही. एका कचेरीत मी बत्तीस वर्षे कारकुनी केली, आणि ती करता यावी म्हणून बत्तीस वर्षे आगगाडीने व बसने मुंबईस ये-जा केली. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणाले, "मला प्रवासाखेरीज काय येते?" त्यांना आनंद झाला. "काश्मीर की युरोप?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "सकाळची ७.४२ची गाडी." ते हसले, पण विषय त्यांनी मान्य केला, याबद्दल त्यांचे आभार मानते.

स्त्री घराबाहेर पडली की रस्ता तिच्याकडे पाहू लागतो, ही गोष्ट नवी नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे जे भाषण केले, त्यात मुंबईच्या शाळेत जातानाचा अनुभव सांगितला आहे. हाती पुस्तके घेतलेली मुलगी दिसली की लोक खिडकीतून डोके बाहेर काढीत, कोणी गाडी थांबवून पाहत, कोणी रस्त्यात उभे राहून हसत. आगगाडीतही हाच प्रश्न उभा राहिला असला पाहिजे. म्हणूनच १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रवाशांच्या प्रत्येक गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवावा, असे बंधन घातले. पुढे शंभर वर्षांनी, ५ मे १९९२ रोजी, चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडीच स्त्रियांसाठी सुरू झाली. आणि २००० साली मध्य रेल्वेवरील अशा गाडीचे सारथ्य साताऱ्याकडच्या श्रीमती सुरेखा यादव यांनी केले. कप्पा, मग गाडी, मग गाडी हाकणारी स्त्री! हा प्रवास लहान नव्हे, आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

त्या बायकांच्या डब्याचे ऋण माझ्यावर फार आहे. तेथे आम्ही भाजी निवडली, भिशी लावली, हळदीकुंकू केले, एकीचे डोहाळजेवणही केले. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकून झोपही काढली. डब्यात भांडणेही होत, पण तेथे पाठीवर डोळे ठेवावे लागत नसत. पुरुष श्रोत्यांना या सुखाची कल्पना यावी कशी? गर्दी त्यांनाही आहे. धक्के त्यांनाही बसतात. पण धक्का चुकून बसला की मुद्दाम, याचा हिशेब त्यांना दिवसभर करावा लागत नाही.

एक प्रसंग सांगते. १९८१ साली मी नुकतीच नोकरीस लागले होते. स्टेशनवरून कचेरीपर्यंत बस होती. तीत बायकांसाठी राखलेली बाकडी भरली होती, मी उभी होते. मागचा मनुष्य, वयाने माझ्या वडिलांएवढा, हात जागेवर ठेवीना. मी पुढे सरकले, तोही सरकला. मी पिशवी मध्ये धरली. बसमध्ये साठ माणसे होती आणि मला तोंडातून शब्द काढता येईना. अखेर शेजारी उभ्या असलेल्या एका कोळिणीने हे पाहिले. तिने त्या गृहस्थाचे जे काही केले, त्याचे शब्द मी या व्यासपीठावर उच्चारू शकत नाही. कंडक्टरने एक घंटी देऊन गाडी थांबवली आणि त्याला उतरवले. मग ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, तोंड दिलंय ना देवानं?"

दुसऱ्या दिवशी मी पर्समध्ये सेफ्टी पिन ठेवली. या सभेतील किती भगिनींच्या पर्समध्ये ती आहे, ते मी विचारीत नाही. आपण ती कशाला बाळगतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण खरी गोष्ट पुढेच आहे. हा प्रसंग मी घरी सांगितला नाही. वडिलांना सांगितला नाही, आईला नाही, पुढे नवऱ्यालाही कितीतरी वर्षे नाही. लाज वाटली म्हणून? थोडीफार तीही असेल. मुख्य भीती निराळी होती. घरी कळले असते तर सर्वांनी मायेने एकच उपाय सुचवला असता : "उद्यापासून जाऊ नकोस."

मित्रहो, माझ्या मते या प्रश्नाचे मूळ येथे आहे. चोरी झाली म्हणून आपण कोणाला पैसे मिळवणे सोडावयास सांगत नाही. पण मुलीला त्रास झाला की तिचा वर्ग बंद, नोकरी बंद, सात नंतर बाहेर पडणे बंद. म्हणजे गुन्हा एकाचा, आणि तुरुंग दुसरीला! दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थिनींविषयी अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की जाण्यायेण्याचा रस्ता अधिक सुरक्षित वाटावा म्हणून मुली अधिक चांगले महाविद्यालय सोडून कमी दर्जाचे पत्करतात. अशा मुलीचे नाव कोणत्याही पोलीस ठाण्याच्या दप्तरात येत नाही. तिला कोणी हात लावला नाही. तरी तिचे नुकसान झाले ते जन्माचे.

आता कोणी म्हणतील, कायदा कशासाठी आहे? कायदा आहे, आणि पूर्वीपेक्षा कडक आहे. दिल्लीतील चालत्या बसमध्ये डिसेंबर २०१२ मध्ये जे अमानुष कृत्य झाले, त्यानंतर २०१३ साली फौजदारी कायदा बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली; तिच्या ७४ व्या कलमाप्रमाणे स्त्रीच्या विनयभंगासाठी बळजबरी करणाऱ्यास एक ते पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्रवासात अडचण येते ती हद्दीची. गाडी काही मिनिटांत एका ठाण्याच्या हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाते. बसचा थांबा शहर पोलिसांकडे, तर फलाट रेल्वे पोलिसांकडे. "हे आमच्याकडे येत नाही" हे वाक्य ऐकून कितीजणी परत फिरल्या असतील! म्हणून एक गोष्ट येथून घरी घेऊन जा : नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. रेल्वेसाठी १३९ आणि इतरत्र ११२ हे क्रमांक मुलींइतकेच मुलांनाही पाठ करावयास लावा.

काही विचारवंत म्हणतात, वेगळा डबा ही शरणागती आहे; पुरुष सुधारावा, स्त्रीला वेगळे का बसवावे? तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण पुरुष सुधारेपर्यंत ७.४२ची गाडी थांबत नाही. छत्री घेतली म्हणजे पावसापुढे हार मानली असे कोणी म्हणत नाही. मात्र छत्री आहे म्हणून गळके छप्पर दुरुस्त करू नये, असेही नव्हे. वेगळ्या डब्याचा एक धोका मी पाहिला आहे. सर्वसाधारण डब्यात चढलेल्या बाईला त्रास झाला, तर लोक विचारतात, "तुम्ही लेडीजमध्ये का नाही बसलात?" जणू राखीव डबा ही सोय नसून तिची हद्द आहे!

मग करावयाचे काय? रात्री बायकांच्या डब्यात पोलीस शिपाई असतो, हे चांगले आहे. पण फलाटावर उतरल्यावर पुढे काय? जिन्यावर दिवा हवा, थांब्यापाशी उजेड हवा, स्वच्छतागृह उघडे हवे आणि स्टेशनवरून घरापर्यंत शेवटची बस हवी. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस. टी. च्या भाड्यात स्त्रियांना निम्मी सवलत मिळाली, आणि खेड्यापाड्यांतील बायकांना तिचा मोठा आधार झाला. पण स्वस्त तिकीट आणि काळोखा थांबा यांचा मेळ बसत नाही. आपल्या नगरातील कोणत्या थांब्यावर दिवा नाही, हे येथील प्रत्येक बाईला ठाऊक आहे. नगरपालिकेने तिलाच एकदा विचारावे.

पुरुष बांधवांकडे माझी मागणी मोठी नाही. कोणाशी मारामारी करा असे मी सांगत नाही. बसमध्ये एखादी मुलगी अवघडलेली दिसली, तर खिडकीबाहेर पाहू नका. "काय झाले, ताई?" एवढेच मोठ्याने विचारा. त्या दिवशी साठ माणसांपैकी एकजण बोलली, आणि माझी नोकरी वाचली.

आणि आईवडिलांना शेवटची विनंती. मुलगी घरी येऊन असे काही सांगू लागली, तर "तू तेथे कशाला गेलीस?" हा प्रश्न ओठावर येईल, तो गिळा. आधी तिला पाणी द्या, तिचे पूर्ण ऐकून घ्या. मग तिला सांगा, "उद्याही जायचे." हवे तर चार दिवस तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत जा, पण तिला गाडीत चढू द्या. ज्या घरात मुलीला हे उत्तर मिळेल, तेथे ती काही लपवून ठेवणार नाही.