घरची वीज आणि देशाची वीज

कागलहून निपाणीकडे निघालेल्या प्रवाशाला कोगनोळीजवळ राज्याची सीमा लागते. जमीन तीच, ऊस आणि तंबाखू तीच, घराघरांतून कानी पडणारी मराठीही तीच. परंतु विजेचे बिल मात्र बदलते. कागलच्या घरी ते महावितरणचे येते, निपाणीच्या घरी हेस्कॉमचे.

एके काळी ही सीमा विजेच्या तारांनाही होती. महाराष्ट्र पश्चिमेच्या जाळ्यात होता, कर्नाटक दक्षिणेच्या. आणि दोन्ही जाळ्यांचा ताल निराळा होता. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि सारा देश एका तालावर आला. वीज एक झाली. तिचा दर मात्र राज्याराज्यांचा वेगळाच राहिला. असे का व्हावे, आणि यात सामान्य कुटुंबाचे हित कोठे आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा दर माणशी वर्षाला सुमारे 16 युनिट वीज वापरली जात होती. 2023-24 मध्ये हा आकडा सुमारे 1395 युनिटांवर पोहोचला. प्रगतीची ही खूण खरी. परंतु या आकड्यात कारखाने, शेतीचे पंप, रेल्वे, दुकाने हे सारे येते. घरांच्या वाट्याला जेमतेम चौथा हिस्सा जातो. निपाणीत तेंदूची पाने कातरून विड्या वळणाऱ्या स्त्रीचे पाच माणसांचे घर महिन्याला 40 युनिट वापरत असेल, तर माणशी वर्षाला 96 युनिटेच होतात. देशाच्या सरासरीत तिचे नाव आहे, वीज नाही.

एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट खर्ची पडते. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळाला तर महिन्याला नऊ युनिटे लागतात. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटही लागत नाही. दोन हजार वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर तीस युनिटे जातात. म्हणजे एका घरातील आंघोळीचे पाणी दुसऱ्या घराच्या महिनाभराच्या विजेपैकी तीन चतुर्थांश वीज घेऊन जाते.

कर्नाटकात 1 जुलै 2023 पासून गृहज्योती योजना सुरू झाली. आदल्या वर्षीचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, इतकी वीज विनामूल्य. कमाल मर्यादा 200 युनिटांची. तीही ओलांडली तर संपूर्ण बिल भरावयाचे. गरीब घराला याचा मोठाच आधार झाला. तथापि या नियमात एक उणीव होती. ज्याने 170 युनिटे वापरली त्याला 17 युनिटांची वाढ. ज्याने काटकसरीने 30 वापरली त्याला तीनच. 2024 मध्ये 48 युनिटांहून कमी वापर असलेल्यांना टक्केवारीऐवजी सरसकट दहा युनिटे देण्याचे ठरले, तेव्हा ही उणीव काहीशी भरून निघाली.

परंतु ग्राहकाला जी वीज फुकट मिळते, तिचे पैसे कोणाला तरी द्यावेच लागतात. याचा धडा याच जिल्ह्यात सापडतो. 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि त्या सुमारास देशात प्रयोगादाखल पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था त्यांतील एक. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा ही दुसरी. दोन्हीकडे ग्राहक हाच सभासद. वीज मात्र बाहेरून विकत घ्यावयाची. मुळा-प्रवरेवर वीजखरेदीची थकबाकी डोईजड झाली आणि 2011 मध्ये तेथील वितरण महावितरणकडे गेले. हुक्केरीची संस्था टिकून राहिली. विकत घेतलेल्या विजेचे मोल सभासदाने दिले नाही, तर सरकारने द्यावे लागते. दोघांनीही दिले नाही, तर संस्था बुडते.

गृहज्योतीचे पैसे राज्याची तिजोरी भरते, आणि तिजोरीत मीठमिरची विकत घेणाऱ्या प्रत्येकाचा कर असतो. शिवाय देशातील बरीचशी वीज आजही कोळशावर होते. शून्य रकमेच्या बिलामागेही कोठेतरी कोळसा जळतच असतो.

म्हणून विड्या वळणाऱ्या घराला पुरेसा उजेड मिळावा आणि त्याचा भार त्या घरावर पडू नये, हे न्याय्यच आहे. ज्याच्या घरी गिझर आहे त्याने बिल शून्य असले तरी बटण वेळेवर बंद करावे, हेही तितकेच न्याय्य आहे. तार एकच असल्यामुळे त्याने वाचविलेले युनिट वाया जात नाही. ते सीमेच्या अलीकडे उपयोगी पडेल किंवा पलीकडे, एवढाच काय तो फरक.