दुकानाची पाटी ग्राहकाच्या खिशात



कापड दुकानाची जाहिरात ही काही नवी गोष्ट नव्हे. दिवाळीला वाटलेली दिनदर्शिका, दुकानाचे नाव छापलेली कापडी पिशवी, वर्तमानपत्रात घालून पाठविलेले पत्रक, बाजाराच्या दिवशी फिरणारी ध्वनिक्षेपकाची रिक्षा आणि एके काळी चित्रपटगृहात मध्यंतरापूर्वी दाखविली जाणारी काचेची स्लाइड, या साधनांवर व्यापाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी दुकाने उभी केली. त्यांचा एक गुण सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ही साधने पंचक्रोशीच्या बाहेर जात नसत. ज्याच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असे, तो वर्षातून दोनदा तरी दुकानाची पायरी चढतच असे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस भारतात आले, तर पुढील वर्षाच्या अखेरीस त्यात मालाची छायाचित्रे भावासह मांडण्याची सोय झाली. तथापि गादीवर बसणाऱ्या बहुतेकांनी तिकडे पाहिले ते २५ मार्च २०२० नंतरच. एप्रिल-मे हे लग्नसराईचे महिने. माल आधीच भरलेला, सुरत-इचलकरंजीच्या पेढ्यांची देणी उभी, आणि शटर खाली! त्या दिवसांत ज्याच्याजवळ नेहमीच्या ग्राहकांचे मोबाइल क्रमांक नीट लिहिलेले होते, त्याला निदान कळविता तरी आले. ज्याच्याजवळ नव्हते, त्याच्या दुकानात उत्तम माल असूनही तो मुका झाला. या माध्यमांचा विचार येथून सुरू व्हावा.

घरातील तरुण पिढीचा ओढा साहजिकच इन्स्टाग्रामकडे आहे. एखादी रील लाखभर लोकांनी पाहिली की घरात आनंद होतो. पाहणारे कोण, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. तालुक्याच्या गावातील ड्रेस मटेरियलची रील आसाममधील दहा हजार माणसांनी पाहिली, तर त्या दिवशीच्या गल्ल्यात काय भर पडली? पैसे देऊन जाहिरात करावयाची झाल्यास दुकानाभोवतीचे ठरावीक किलोमीटरचे क्षेत्र निवडण्याची सोय फेसबुक-इन्स्टाग्रामवर आहे, आणि लहान दुकानदाराने तीच वापरावी. शिवाय त्या खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे हिशेबात धरावे.

रीलच्या आधी एक साधे काम आहे, आणि तेच बहुधा राहून जाते. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करण्यास एक पैसाही लागत नाही. परगावाहून लग्नाच्या खरेदीला आलेले कुटुंब आज रस्त्यावर विचारीत नाही. ते मोबाइलवर 'जवळचे साडीचे दुकान' शोधते. तेथे दुकानाची वेळ चुकीची असेल, साप्ताहिक सुट्टीचा वार लिहिलेला नसेल, तर बंद दारावरून परतलेला ग्राहक पुन्हा फिरकत नाही. कोणी नाराजीचा अभिप्राय लिहिला, तर भांडू नये. दोन ओळींत दिलगिरी व्यक्त करून माल बदलून देण्याची तयारी दाखवावी. ते उत्तर तक्रारदारापेक्षा पुढच्या शंभर वाचकांसाठी असते.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत मात्र एक चूक सर्रास होते, आणि ती गंभीर आहे. उत्साहाच्या भरात दोनशे ग्राहकांचा एक समूह तयार केला जातो. त्यात बहुसंख्य भगिनी असतात. समूहात घातल्याक्षणी प्रत्येकीचा क्रमांक इतर सर्वांना दिसू लागतो. चार ओळखीच्या घरांनी विश्वासाने दिलेला क्रमांक अनोळखी माणसांच्या हाती देणे हा व्यवहार नव्हे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. पण कायदा नसता तरी हे चुकीचेच ठरले असते. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरावी. त्यात संदेश प्रत्येकीला स्वतंत्र जातो, कोणाचा क्रमांक कोणाला दिसत नाही. तो संदेश पोहोचण्यासाठी ग्राहकाने दुकानाचा क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केलेला असावा लागतो. म्हणून बिल देतानाच विनंती करावी. जी जतन करणार नाही, तिला संदेश नको आहेत असे समजावे. रोज सकाळी फुलांचे चित्र आणि सुविचार पाठविणाऱ्या दुकानाचे संदेश लोक न उघडताच पुसून टाकतात. डिसेंबरच्या अखेरीस संक्रांतीच्या काळ्या साड्या, मे महिन्यात शाळांचे गणवेश, पाडव्याआधी आठवडाभर खणाचे कापड, एवढे वेळेवर पाठविले तरी पुष्कळ झाले.

खरा लाभ बस्त्याच्या वेळी दिसतो. पूर्वी बस्ता बांधण्यास दोन्हीकडची वीस माणसे गादीवर बसत. आज नवरी पुण्यात नोकरीला, आत्या नाशिकला आणि भाऊ अमेरिकेत असतो. गादीवर आईवडील बसतात आणि बाकीचे मोबाइलच्या पडद्यावर. अशा वेळी माल दाखविणाऱ्याला कापडाची जाण हवी; केवळ मोबाइलची जाण पुरत नाही. पडद्यावरून हात लावता येत नाही, म्हणून हाताचे काम डोळ्यांना करावयास लावावे लागते. कापड मुठीत चुरगाळून सोडून दाखवावे, म्हणजे त्याचा पोत कळतो. उजेडासमोर धरावे, म्हणजे वीण किती दाट ते दिसते. पन्ना टेप लावून मोजून दाखवावा. पैठणी असल्यास पदर उलटा करून दाखवावा; हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते आणि मागे धागे लोंबत नाहीत.

रंगाचे दुखणे मात्र राहतेच. चिंतामणी आणि मोरपंखी यांतील फरक ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याला कळत नाही, आमसुली रंग तर कधी तपकिरी दिसतो. दुकानाच्या पायरीवर, सकाळच्या उजेडात, कोणतेही 'फिल्टर' न लावता काढलेले छायाचित्र साधे दिसेल, पण पार्सल परत येणार नाही. परत आलेल्या पार्सलाचे दोन्ही वेळचे भाडे हिशेबात धरले, तर सुंदर छायाचित्र फार महाग पडते.

'भाव विचारण्यासाठी संदेश पाठवा' ही नवी रीतही टाकून द्यावी. दुकानातील चिठ्ठीवर भाव लिहिणारा व्यापारी पडद्यावर तो का लपवितो? ग्राहकाला शंका येते की माणूस पाहून भाव सांगितला जातो, आणि पुष्कळदा ती खरी असते.

यंत्रमागाच्या मालावर 'हातमाग' आणि कृत्रिम धाग्यावर 'शुद्ध रेशीम' असे बोटाच्या एका स्पर्शाने लिहून टाकणे आज सोपे झाले आहे. पूर्वी तोंडी बोललेले वाऱ्यावर जाई. आता ते पुरावा म्हणून राहते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण प्रथम १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढील वेळी ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हॅण्डलूम मार्क आहेत. मालावर ते असतील तर दाखवावेत, नसतील तर शब्द जपून वापरावा.

एक हिशेबी धोका लहान दुकानदारांच्या लक्षात येत नाही. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीचे अनेक दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहेत, आणि या योजनेतील व्यापाऱ्याला परराज्यात माल विकता येत नाही. रील पाहून बेळगाव किंवा इंदूरहून मागणी आली, आनंदाने पार्सल गेले, की नियम मोडला! नोंदणीच नसलेल्यालाही परराज्यात कापड विकण्यापूर्वी नोंदणी घ्यावी लागते. म्हणून पहिले पार्सल पाठविण्याआधी कर सल्लागाराला विचारावे. पैसे मिळाल्याचे चित्र ग्राहकाने पाठविले म्हणजे पैसे आले असे नव्हे. बँकेच्या खात्यात जमा दिसल्यावरच माल बांधावा. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करण्याची किंवा पिन टाकण्याची कधीही गरज नसते.

२९ जून २०२० रोजी टिकटॉकवर भारतात बंदी आली. तेथे वर्षानुवर्षे जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ही सर्व ठिकाणे भाड्याच्या जागेसारखी आहेत. मालक केव्हा कुलूप लावील, सांगता येत नाही. त्यामुळे ग्राहकांची नावे, क्रमांक आणि आवडनिवड दुकानाच्या स्वतःच्या वहीत असावीत. खाते मदतनीस मुलाच्या क्रमांकावर उघडलेले असेल, तर तो नोकरी सोडून जाताना दुकानाची पाटीच घेऊन जातो. दुकानाचे वेगळे सिम घ्यावे, ते मालकाच्या नावावर असावे. रिचार्ज राहून बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. म्हणून त्याची तारीख गादीजवळच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि ती घरातील दोघांना तरी ठाऊक असावी.