बाथरूमची फरशी, खालच्यांचं छत

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. – संपादक मंडळ)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, दहा मिनिटं बोला, पण सगळ्यांच्या उपयोगाचं बोला." माझा जन्म बांधकामावर गेला. सिमेंट-पाण्यापलीकडचं मला फारसं येत नाही. म्हणून बाथरूमचाच विषय घेतो. हसू नका! २५ वर्षांत आपल्याकडे सगळ्यात जास्त वाद झाले ते पार्किंगवरून, आणि त्याखालोखाल बाथरूमच्या गळतीवरून.

सध्या घरोघरी दुरुस्त्या चालू आहेत. हॉलमध्ये लाकडासारखी दिसणारी लॅमिनेटची फरशी बसवून झाली की काँट्रॅक्टर हळूच सुचवतो, "साहेब, दोन बॉक्स उरलेत, बाथरूमही उरकून टाकू. तोडफोड नाही, धूळ नाही, एका दिवसात काम!" ऐकायला छान वाटतं. पण हो म्हणण्याआधी थोडं थांबा.

लॅमिनेट म्हणजे काय? लाकडाचे बारीक तंतू डिंकासारख्या रसायनात दाबून केलेली पट्टी, तिच्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि त्यावर कडक पारदर्शक थर. बेडरूममध्ये पाणी सांडलं, लगेच पुसलं, तर तिला काही होत नाही. पण सांध्यातून पाणी आत गेलं की पट्टी फुगते, कडा वर येतात आणि वाळल्यावरही ती पहिल्यासारखी बसत नाही.

त्याहून मोठी अडचण ढाळाची. एकमेकींत अडकवायच्या या पट्ट्यांना खालची जमीन सपाट लागते. बाथरूमला मात्र चारी बाजूंनी जाळीकडे ढाळ हवा, चार फुटांत साधारण अर्धा ते पाऊण इंच. या दोघांचं जमायचं कसं? शिवाय या पट्ट्या जमिनीला चिकटवत नाहीत, फोमच्या थरावर नुसत्या अंथरतात, आणि भिंतीलगत फट सोडावी लागते. आपण बादलीने आंघोळ करणारी माणसं, वर फिनेल टाकून खराट्याने बाथरूम धुणारी! ते पाणी फटीतून खाली जातं आणि तिथेच साचतं. पाण्याने न फुगणाऱ्या विनाइलच्या पट्ट्या मिळतात, हे खरं. पण पट्टी टिकली म्हणून खाली गेलेलं पाणी कुठे जाणार? परदेशात आंघोळीची जागा बहुधा काचेने वेगळी केलेली असते, बाकी जमीन कोरडी राहते. तिथलं चित्र पाहून इथे काम काढू नये.

टाइलवर टाइल चिकटवणं हाही असाच शॉर्टकट. वरून नवं दिसतं, पण आतली गळती तशीच राहते. उलट जमिनीची पातळी वाढते आणि पाणी उंबरठ्यावरून पॅसेजमध्ये येतं.

मग करायचं काय? जुनी लादी आणि भरणी काढा. नहाणी ट्रॅप आणि पाइपचे सांधे २५ वर्षं जुने आहेत, ते आत्ताच बदला. वॉटरप्रूफिंग जमिनीबरोबर भिंतीवरही किमान फूटभर चढवा, शॉवरच्या बाजूला डोक्याइतकं. मग नहाणीला बूच मारून ४८ तास पाणी भरून ठेवा, आणि खालच्यांच्या घरी स्वतः जाऊन छत बघा. ते कोरडं असेल तरच लादी लावू द्या. काँट्रॅक्टर घाई करेल. त्याला सांगा, दोन दिवस थांब. या चाचणीला पैसे पडत नाहीत.

लादी लहान घ्या, १२ बाय १२ इंचांची. लहान लादीला ढाळ नीट देता येतो. चकचकीत नको, खरखरीत हवी. डब्यावर आर-१० किंवा आर-११ असं लिहिलंय का ते बघा. आणि भिंतीला धरायला एक दांडा लावा. राहायला आलो तेव्हा आपण पंचेचाळीशीत होतो, आता सत्तरीत आहोत. आपल्या वयाला बाथरूममध्ये पाय घसरणं परवडत नाही.

आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास, बाथरूम, सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च मात्र संबंधित सभासदाचा. पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. ओल मुरली की स्लॅबमधली सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे खाली पडतात. ते पडतात खालच्यांच्या डोक्यावर, पण कमजोर होते ती आपल्या सगळ्यांची इमारत.

म्हणून एकच विनंती. बाथरूमला हात लावण्याआधी ऑफिसात लेखी कळवा आणि ४८ तासांची चाचणी खालच्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊनच करा. खालच्यांनीही छतावर डाग दिसला तर मनात ठेवू नका. डाग लहान असतानाच वर जाऊन बेल वाजवा. वरच्यांनी दार उघडून आधी "या, बसा" म्हणावं. निम्मी गळती तिथेच थांबते, असा माझा अनुभव आहे.

कोणाचं काम निघालं तर मला हाक मारा. बघून सांगायला मी येईन, फक्त चहा लागेल.