पसरणी घाट आणि दोन केळी

मागच्या भागात आपण चौघं सायकलवर पुण्याहून वाईला पोचलो होतो. आज पसरणी घाट.

वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १,३०० च्या आसपास. म्हणजे सकाळी सकाळी ६०० मीटरचा चढ! पहिल्याच वळणापासून मी जोर लावला. माझा रूममेट मागे पडला. म्हटलं, येईल की.

वर पोचून धोम धरणाचे फोटो काढत बसलो. अर्धा तास झाला, तो येईना. फोनही उचलेना. तेव्हा पोटात गोळा आला. सायकल वळवली. तीन वळणं खाली तो कठड्यावर बसलेला, हात थरथरतायत. सकाळी नुसत्या चहावर निघालेला. आणि खाऊची पिशवी कुठे? माझ्या कॅरिअरवर!

दोन केळी, थोडी चिक्की, वीस मिनिटं आराम. मी म्हटलं, "टेम्पोने जातोस का?"

"चढवतो रे. तू फक्त पुढे पळू नकोस."

मग दोघंही सगळ्यात हलक्या गिअरवर, गप्पा मारता येतील इतक्याच वेगात. चढावर बोलता येत नसेल, तर समजा आपण जास्त रेटतोय.

पाचगणीत बाकीचे दोघं मिसळ संपवून बसले होते. तिथेच नियम ठरला: खाऊ प्रत्येकाकडे, आणि दर पाच किलोमीटरला शेवटचा येईपर्यंत थांबायचं.

पुढच्या भागात आंबेनळी घाटाचा उतार. भेटूया!