आधी रॅम तपासा, मग माणसाला बोला



मी बडोद्याची. दांडिया बाजारात आमचं घर आहे आणि पुढच्या खोलीत माझं छोटंसं ऑफिस. गेली २२ वर्षं मी किराणावाले, कापडवाले, औषधवाले अशा लहान दुकानदारांचे हिशोब लिहिते. मी कॉम्प्युटरची जाणकार नाही. आज जे सांगणार आहे ते मला नुकसान सोसून शिकावं लागलं, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक माझी स्वतःची होती.

माझ्याकडे काम शिकायला एक मुलगी येते, विशीतली. रोज संध्याकाळी सगळ्या हिशोबांचा बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर ठेवायचा, हे तिचं काम. गेल्या वर्षी जुलैत एक दिवस मी त्यातला एक बॅकअप उघडायला गेले, तर फाईल खराब असल्याचा संदेश आला. दुसरी उघडली, तीही खराब. तारीख होती १७. २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची होती. माझा पारा चढला. म्हटलं, "पेनड्राइव्ह तसाच उपटून काढतेस ना?" ती म्हणाली, "नाही काकू, नीट इजेक्ट करूनच काढते." मी ऐकून घेतलं नाही. समोर दोन ग्राहक बसले होते, त्यांच्यादेखत तिला नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आईचा फोन आला, तिला बरं वाटत नाही म्हणून.

आणि त्याच दिवशी, ती नसताना, माझ्या हाताखाली मशीन बंद पडलं. निळी स्क्रीन. पुन्हा चालू केलं, तासाभराने पुन्हा निळी स्क्रीन, पण या वेळी संदेश वेगळाच. २० तारखेचं काम मी शेजाऱ्यांच्या मशीनवर, कागदी बिलं पुन्हा भरून, कसंबसं उरकलं.

मग दुरुस्ती. एका दुकानात नेलं. "बेन, विंडोज फॉर्मेट करावं लागेल." केलं. दोन दिवस गेले, पैसे गेले, निळी स्क्रीन राहिली. दुसऱ्या दुकानात त्यांनी रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी टोकांवर खोडरबर घासलं आणि परत बसवली. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी तेच. एक सांगते, धूळ किंवा दमट हवेमुळे टोकं मळली असतील तर साफ केल्याने फरक पडतो. पण खोडरबराने वरचा मुलामा झिजतो आणि चुरा खाचेत अडकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड बरं. आणि पट्टीच आतून बिघडली असेल, तर कितीही घासा, काही होत नाही.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्याने दोनच प्रश्न विचारले. "मावशी, दर वेळी एरर वेगळी येते का?" म्हटलं, "हो रे." "आणि जी फाईल खराब म्हणते, ती मशीन बंद करून चालू केल्यावर कधी उघडते का?" मी करून बघितलं. खराब म्हटलेल्या फायलींपैकी एक चक्क उघडली! तो म्हणाला, "मग आधी रॅम तपास."

का, ते मी नंतर समजून घेतलं. रॅममध्ये प्रत्येक शून्य किंवा एक हा एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये विजेच्या भारासारखा ठेवलेला असतो. तो भार गळत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरला जातो. ८ जीबीच्या एका पट्टीत अशी ६,८७१ कोटींहून जास्त घरं असतात. त्यातलं एक घर गळकं निघालं, तर तिथे कोणती गोष्ट येऊन बसते त्यावर बिघाडाचं रूप ठरतं. विंडोजचा भाग आला तर निळी स्क्रीन. फाईल आली तर फाईल खराब. आणि रक्कम आली तर? बायनरीत लिहिलेल्या ५,००० मधला एकच आकडा उलटला, तर ते ९०४ होऊ शकतात. स्क्रीन निळी होत नाही, कुणी ओरडत नाही. हिशोब लिहिणाऱ्या माणसाला याची भीती वाटायलाच हवी.

हे फार दुर्मीळ आहे असंही नाही. २००९ मध्ये गुगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गुगलच्या सर्व्हरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात दर शंभर पट्ट्यांमागे ८ हून अधिक पट्ट्यांत निदान एक चूक आढळली होती. सर्व्हरमध्ये अशी चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते. आपल्या घरच्या मशीनमध्ये ती सहसा नसते.

आता तपासायचं कसं? शंका आली की पहिली गोष्ट, त्या मशीनवर महत्त्वाचं काही लिहिणं थांबवा. जुने चांगले बॅकअप त्याला जोडू नका. मग विंडोजमधलीच मेमरी डायग्नोस्टिक चाचणी लावा. स्टार्टमध्ये हे नाव शोधलं की सापडते. ती पास झाली तरी निर्धास्त होऊ नका. मेमटेस्ट८६ प्लस नावाचा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून, मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. विंडोज चालू नसल्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासायला मोकळी असते. मशीन जाणूनबुजून जास्त वेगाने चालवलं असेल, म्हणजे बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल, तर आधी ते बंद करा. नाहीतर दोष पट्टीचा की वेगाचा, कळणार नाही. मग रात्रभर चालू द्या. सकाळी चुकांचा आकडा शून्यच हवा. इथे "एखादी चालते" असं नसतं.

माझ्या स्क्रीनवर सकाळी लाल ओळी होत्या. पण माझ्या मशीनमध्ये पट्ट्या दोन आणि खाचाही दोन. दोष कुणाचा? भाच्याने सांगितलं, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. मशीन बंद केलं, प्लग काढला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. पहिली पट्टी एकटी पहिल्या खाचेत: चुका. दुसरी पट्टी एकटी त्याच खाचेत: शून्य. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत: शून्य. म्हणजे खाचा ठीक, दोष पहिल्या पट्टीत. तीन रात्री आणि वहीचं एक पान, एवढाच खर्च. मात्र लॅपटॉप वॉरंटीत असेल तर तो स्वतः उघडू नका. चाचणी करा, फोटो काढा आणि सेवा केंद्रात द्या. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ती काढता येत नाही.

आता वॉरंटी. पट्टीवरचा स्टिकर फाडू नका, अनुक्रमांक त्यावरच असतो. बिल मी फायलीत ठेवलं होतं, तोच मोठा आधार झाला. दुकानदार म्हणाला, "वापरलेला माल आहे, बघू." मी कंपनीकडे थेट तक्रार नोंदवली. अनुक्रमांक, बिल, लाल ओळींचा फोटो आणि वहीतलं ते पान. समोरच्याने पुन्हा फॉर्मेट करा म्हटलं नाही. जोडी म्हणून घेतल्यामुळे त्यांनी दोन्ही पट्ट्या मागवल्या, म्हणून तेवढ्या दिवसांसाठी मला एक पट्टी विकत घ्यावी लागली. पट्ट्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून पाठवल्या, कुरियरची पावती जपली. ग्राहकांची माहिती बाहेर जाईल का, ही धास्ती होती. पण वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, हार्ड डिस्कसारखं तिच्यात काही राहत नाही. १७ दिवसांनी नवीन जोडी आली. ती बसवली आणि पुन्हा रात्रभर चाचणी लावली. शून्य आल्यावरच हिशोब उघडले.

'लाइफटाइम वॉरंटी' लिहिलेलं असलं तरी अटी वाचा. लाइफटाइम म्हणजे नेमकं काय, ते त्या अटी ठरवतात, आपण नाही. कुणी दादच देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, वस्तू पुण्यात घेतली आणि तुम्ही हैदराबादला राहता, तरी हैदराबादच्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा.

माझे जूनअखेरचे बॅकअप चांगले निघाले, कारण दर महिन्याची एक प्रत मी वेगळ्या ड्राइव्हवर ठेवते. जुलैची बिलं कागदावरून पुन्हा भरली. ती भरायला कोण बसलं? तीच मुलगी. वही घेऊन मी तिच्या घरी गेले होते. तिच्या आईसमोर ते पान दाखवलं आणि म्हटलं, "चूक या पट्टीची होती, आणि तुला बोलले ती माझी." ती एवढंच म्हणाली, "काकू, मी सांगितलं होतं ना."

ज्या दोन ग्राहकांसमोर बोलले होते, त्यांनाही फोन करून सांगितलं. पट्टीला वॉरंटी होती, ती बदलून मिळाली. माणसाला लागलेला शब्द तसा बदलून मिळत नाही, म्हणून तुमच्याकडे कधी फाईल बिघडली तर एक रात्र थांबा. मशीनला चाचणी लावा, आणि मग बोला.