स्टॉक फुटेजची कमाई: कोणती साइट बरी आणि कॅमेऱ्याचा हप्ता निघेल का?

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. बी.टेक. झाल्यापासून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. सुट्टीत गावी गेलो की कॅमेरा घेऊन धानाच्या बांध्यांत फिरायचं आणि ते व्हिडिओ स्टॉक साइटवर विकायला टाकायचे, हा माझा जुना नाद. आजचा विषय निघाला तो आमच्याकडच्या एका दादाच्या प्रश्नातून. तो लग्नाचं शूटिंग करतो. पावसाळ्यात लग्नं बंद, कॅमेरा कपाटात. त्याने विचारलं, "तीन वर्षांच्या हप्त्यावर मोठा कॅमेरा घेतो. हप्ता स्टॉक फुटेजमधून निघेल ना? आणि सगळ्यात जास्त पैसे कोणती साइट देते?"

आधी दुसरा प्रश्न घेऊ. बहुतेक जण कमिशनचा टक्का बघतात. अ‍ॅडोबी स्टॉकवर व्हिडिओला ३५ टक्के मिळतात. शटरस्टॉकवर १५ ते ४० टक्के अशा सहा पायऱ्या आहेत. जितकी विक्री जास्त, तितकी वरची पायरी. पाँड फाइव्हने काही वर्षांपूर्वी दोन गट केले: फक्त त्यांनाच फुटेज देणाऱ्याला ६० टक्के, बाकीच्यांना ४०. म्हणजे एक क्लिप ८० डॉलरला सुटी विकली गेली असं धरलं, तर हातात १२, २८, ३२ किंवा ४८ डॉलर येऊ शकतात. क्लिप तीच, मेहनत तीच.

मग ६० टक्केवाली साइट सगळ्यात चांगली? थांबा. टक्का कशाचा, हे बघा. गिऱ्हाईक क्लिप सुटी घेतो तेव्हा हिशोब वेगळा. त्याने महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलेलं असेल, तर त्याच क्लिपचे फार कमी पैसे पडतात. आणि जिथे गिऱ्हाईकच कमी, तिथे ६० टक्के घेऊन करायचं काय?

म्हणून मी तुलनेसाठी एकच माप वापरतो: साइटने स्वीकारलेल्या एका क्लिपमागे, एका महिन्यात, बँकेत आलेले रुपये. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे.

'स्वीकारलेल्या' अशासाठी, की एक साइट शंभरातल्या नव्वद क्लिप घेते, दुसरी साठच घेते. नुसत्या एकूण कमाईची तुलना केली तर ते कळत नाही. शक्यतो ज्या क्लिप सगळ्या साइटवर आहेत आणि एकाच महिन्यात चढवल्या, त्यांचीच तुलना करा.

'बँकेत आलेले' अशासाठी, की मध्ये बरंच कापलं जातं. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापतात. डब्ल्यू-८बेन फॉर्म भरला नाही तर ३० टक्के. भरला तर भारत-अमेरिका करारामुळे १५ टक्के. शिवाय डॉलरचे रुपये होताना काही जातातच. आणि हे उत्पन्न आपल्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, ते विसरू नका.

कालावधी पूर्ण वर्षाचा घ्या. शटरस्टॉकवर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. डिसेंबर आणि जानेवारी शेजारी ठेवलेत, तर विक्री तेवढीच असूनही जानेवारी गरीब दिसेल.

आता एक युक्ती सांगतो. सगळ्यात जास्त चाललेली क्लिप शीटमधून काढून टाका आणि पुन्हा हिशोब करा. या धंद्यात दोनचार क्लिपच घर चालवतात, बाकीच्या पडून असतात. त्या एका क्लिपशिवाय साइटचा नंबर पहिल्यावरून तिसऱ्यावर आला, तर ती साइट चांगली नव्हती, ती क्लिप चांगली होती.

एक्सक्लुझिव्हचं गणितही सोपं आहे. ४० टक्क्यांनी एका साइटवर महिन्याला हजार रुपये येत असतील, तर तेवढ्याच विक्रीवर ६० टक्क्यांनी दीड हजार येतील. वाढले पाचशे. बाकीच्या सगळ्या साइट मिळून पाचशेपेक्षा जास्त देत असतील, तर एक्सक्लुझिव्ह होणं तोट्याचं. सही करण्याआधी त्या दिवशीचा दर आणि बाहेर पडायची अट मात्र वाचा.

आता गोंदियाबद्दल. आपल्याला वाटतं सारस टाकला की विकलाच. महाराष्ट्रात सारस म्हणजे मुख्यतः आपलाच जिल्हा, खरं आहे. पण उत्तर प्रदेशात तो मोठ्या संख्येने आहे आणि बर्लिनमध्ये बसलेल्या एडिटरला दोन्हीत फरक दिसत नाही. तो शोधतो 'भारतीय शेतकरी', 'मान्सून', 'तांदूळ'. त्यामुळे पऱ्हे उपटण्यापासून रोवणी, कापणी, पुंजणे आणि राईस मिलमधला उसना तांदूळ अशी अख्खी साखळी टाकणं जास्त शहाणपणाचं. कीवर्डमध्ये गावाचं नाव असू द्या, पण कामाचं नाव आधी. सारसाच्या घरट्याजवळ ड्रोन नेऊ नका, आणि नागझिऱ्यात परवानगीशिवाय धंद्याचं शूटिंग करायचं नाही.

रोवणी करणाऱ्या बायांचे चेहरे ओळखू येत असतील, तर मॉडेल रिलीजवर त्यांची सही लागते. नाहीतर क्लिप फक्त बातमीपुरती, म्हणजे एडिटोरियल राहते. जाहिरातवाले ती घेत नाहीत. तो फॉर्म इंग्रजीत असतो. मावशींना मराठीत नीट सांगा: तुमचा चेहरा जगात कुठल्याही जाहिरातीत दिसू शकतो, चालेल का? चालेल म्हणाल्या तर त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि तो खर्च शीटमध्ये धरा. नाही म्हणाल्या तर पाठमोरं किंवा नुसत्या हातांचं शूट करा.

आता दादाचा पहिला प्रश्न: हप्ता निघेल का? मी त्याला सांगितलं, या भरवशावर कर्ज काढू नको. हप्ता दर महिन्याला ठरलेला, ही कमाई ठरलेली नाही. शटरस्टॉकने पायऱ्यांची पद्धत १ जून २०२० पासून आणली. २०२२ मध्ये त्यांनीच पाँड फाइव्ह विकत घेतलं. मार्च २०२३ मध्ये अ‍ॅडोबीने फायरफ्लाय आणलं, ते अ‍ॅडोबी स्टॉकवरच्या साहित्यावर शिकलेलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉकने एकत्र येण्याचं जाहीर केलं. पाच वर्षांत एवढं बदललं आणि कुठलाही निर्णय आपल्याला विचारून झालेला नाही. मग तीन वर्षांचं कर्ज त्यांच्या दरपत्रकावर कसं टांगायचं?

त्याला मी हे सुचवलं: आहे त्याच कॅमेऱ्याने यंदाची रोवणी ते मिल शूट कर. तीन साइटवर त्याच क्लिप टाक. बारा महिने शीट भर. नवीन कॅमेरा घ्यायचाच असेल, तर त्याचा हप्ता लग्नाच्या ऑर्डरवर बसतो का ते बघ. स्टॉकचे पैसे आले तर वरकड.

तुमच्याकडे अशी शीट असेल आणि तुमचे आकडे वेगळं सांगत असतील, तर जरूर कळवा. पुढच्या भागात कीवर्डबद्दल बोलू.