आजोबा चिनी होते



बासष्टच्या भारत-चीन युद्धाचा विषय निघाला की नेफा, म्हणजे आजचं अरुणाचल, आठवतं, लडाख आठवतं, अपुऱ्या कपड्यांनिशी बर्फात लढलेले जवान आठवतात. आसामातलं माकुम मात्र कुणाला आठवत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी चहाच्या मळ्यांसाठी चिनी कामगार आणले. माकुमला त्यांची वस्ती झाली, आसपासच्या मुलींशी लग्नं झाली, घरात असमिया आणि हिंदी रुळली. नंतरच्या पिढ्यांतल्या कित्येकांनी चीन पाहिलासुद्धा नव्हता.

नोव्हेंबर १९६२मध्ये त्यांच्या दारात पोलीस आले. सरकारने कायदा बदलला होता. स्वतः, आईवडिलांपैकी कुणी किंवा चार आजीआजोबांपैकी एखादं माणूस कधीकाळी शत्रुदेशाचं नागरिक असेल, तर तुम्ही परके. म्हणजे मुलगा भारतात जन्मलेला, आई इथलीच, तरी एका आजोबांपायी तो संशयित! आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातल्या सुमारे तीन हजार माणसांना आगगाडीत बसवून राजस्थानातल्या देवलीला नेलं. आपल्या वर्ध्याजवळची देवळी नव्हे ही. इंग्रजांनी जयप्रकाश नारायणांना जिथे डांबलं होतं, तीच ही छावणी. तान्ही मुलं आणि थकलेली म्हातारी माणसंही त्या गाडीत होती.

लढाई महिनाभरात थांबली. छावणी मात्र चालूच राहिली; शेवटची माणसं सुटायला १९६७ उजाडलं. काहींना १९६३मध्ये जहाजाने चीनला धाडलं, कुटुंबं फुटली. जे गावी परतले, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरादुकानांचा लिलाव होऊन गेला होता. पुष्कळांनी पुढे कॅनडाची वाट धरली.

आणि तिथे जाऊन ते गप्प बसले. या लोकांच्या कहाण्यांत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हे गप्प बसणं. आईबापांनी मुलांना देवलीचं नावही सांगितलं नाही. हेतू चांगला होता: पोरांच्या डोक्याला ताप नको. पण मुलांना काय कळत नसतं? सरकारी पत्र आलं की बाबांचा चेहरा का उतरतो, 'आपण बरं, आपलं काम बरं' हे आई इतक्या वेळा का बजावते, हे त्यांना दिसत असतं. कारण ठाऊक नसतं, भीती मात्र ठाऊक असते. आणि कारण ठाऊक नसलेल्या भीतीशी भांडायचं तरी कसं? व्हिव्हियन रॅकॉफ या कॅनडातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६६मध्येच नाझी छळातून वाचलेल्यांच्या मुलांविषयी लिहिलं होतं. ज्या मुलांनी छावणी पाहिली नव्हती, त्यांच्यातही तिच्या खुणा त्यांना आढळल्या होत्या. देवलीची तुलना नाझींच्या मृत्युछावण्यांशी कुणी करू नये, मीही करत नाही. पण न सांगितलेलं दुःख मुलांपर्यंत पोचतं, ते दोन्हीकडे.

या मौनाची गाठ सुटायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. रीता चौधरींची या लोकांवरची 'माकाम' ही असमिया कादंबरी २०१०मध्ये आली. जॉय मा यांचा जन्मच देवलीच्या छावणीतला. त्यांनी मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांच्यासोबत २०२०मध्ये 'द देवलीवालाज' हे पुस्तक लिहिलं. कायद्याने आजोबा शोधले होते ते गुन्हा चिकटवायला. आता नातवंडं आजोबा शोधताहेत.

योगायोग बघा. २००६मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत चिनी स्थलांतरितांची जाहीर माफी मागितली, तीही कित्येक दशकांपूर्वी त्यांच्यावर लादलेल्या डोईपट्टीसाठी. देवलीहून टोरांटोला गेलेल्यांशी त्या पट्टीचा काही संबंध नव्हता. पण सरकार माफी मागू शकतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. भारत सरकारकडे त्यांचं मागणं मोठं नाही: चुकलं एवढं म्हणा, आणि देवलीत एक स्मारक उभारा. तिथे आज केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. माफी अजून आलेली नाही, आणि छावणी आठवणारी माणसं आता म्हातारी होत चालली आहेत.